ब्रूट आंबट लागते म्हणजे बिघडली का? ड्राय स्पार्कलिंग वाईन चाखायची कशी

कोकणात कुणाच्या घरी पहिल्यांदा ब्रूट, म्हणजे जेमतेम साखर असलेली बुडबुड्यांची वाईन, उघडली की पहिल्या घोटानंतर एक वाक्य ठरलेलं असतं, "आंबाट लागता मरे, बिघडली काय?" मग बाटली घेऊन आलेला मुंबईचा भाचा ओशाळतो, कुणीतरी स्प्राईट मिसळून बघूया म्हणतं, आणि हजार-दीड हजाराची वस्तू सरबत होऊन संपते. बिघडलेली नसते हो ती. ड्राय, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग आंबटच असते, असायलाच हवी, आणि गंमत अशी की आंबटाची पारख जर कुणाला जमायला हवी तर ती आपल्याला, आमसूल, कैरी, बिंबल, चिंच, ताक यातला कुठला आंबटपणा रुचकर आणि कुठला नुसता दात आंबवणारा हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. फक्त ती पारख आपण वाईनच्या ग्लासला लावत नाही. तिथे आपण फेस बघतो, बूच किती लांब उडालं ते बघतो, आणि मानेवरचा सोनेरी कागद बघतो.

पहिला घोळ साखरेचा आहे. बुडबुडे दिसले की आपली जीभ कोल्ड्रिंकच्या तयारीत बसते, आणि कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ब्रूटमध्ये ती १२ ग्रॅमच्या आत. म्हणजे १२५ मिलीच्या एका ग्लासात जास्तीत जास्त दीड ग्रॅम, अर्धा चमचाही नाही, आणि तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये तीन चमचे. एवढं डोक्यात ठेवून घोट घेतला तरी अर्धा धक्का कमी होतो.

लेबलवरचे शब्द मात्र चांगलेच चकवतात. युरोपच्या नियमात सगळ्यात कोरडी ती ब्रूट नेचर, लिटरला ३ ग्रॅमच्या आत आणि शेवटी वरून साखर अजिबात घालायची नाही, मग एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत, मग ब्रूट १२ पर्यंत, आणि एक्स्ट्रा ड्राय लिहिलेली असेल ती ब्रूटपेक्षा गोड, १२ ते १७. नुसतं ड्राय किंवा सेक असेल तर १७ ते ३२, म्हणजे चांगलीच गोडसर, आणि डेमी सेक ३२ ते ५०, ती केकबरोबर वगैरे. दुकानात "एक्स्ट्रा ड्राय द्या, एकदम कडक हवी" असं सांगून लोक गोडाकडची बाटली घेऊन येतात आणि विकणाऱ्यालाही बऱ्याचदा पत्ता नसतो.

आता हा आंबटपणा येतो कुठून. स्पार्कलिंगसाठी द्राक्षं मुद्दाम लवकर तोडतात, साखर पुरती भरायच्या आधी, ऍसिड अजून शाबूत असताना. नाशिककडे पावसाळा सरला की छाटणी होते आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी चालते, त्यात स्पार्कलिंगचा माल सगळ्यात आधी उतरवतात, कारण आपल्याकडे ऊन एवढं की थोडा उशीर झाला तरी ऍसिड खाली येतं आणि वाईन बसकी लागते. (कोकणात द्राक्षं का नाहीत ते विचारू नका, ३००० मिलिमीटर पावसात वेलीला बुरशीशिवाय काय लागणार.) त्या लवकर तोडलेल्या द्राक्षांची आधी साधी, बिनबुडबुड्याची वाईन बनते, १०-११ टक्के अल्कोहोलची, आणि ती तशीच ग्लासात दिली तर खरोखरच कुणी पिणार नाही इतकी आंबट आणि सपाट असते. कसब तिथून पुढे आहे.

ती वाईन बाटलीत भरतात, तिच्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि बाटली घट्ट बंद करतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतं, आणि जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्याला बाहेर जायला वाटच नसते म्हणून तो वाईनमध्ये विरघळतो. ४ ग्रॅम साखरेला साधारण एक वातावरणाचा दाब असा हिशोब, म्हणजे २४ ग्रॅमला ६. एका बाटलीत विरघळलेला गॅस बाहेर मोकळा केला तर ५ लिटरच्या घरात जातो. बाटली इतकी जाड, बूड आत वळलेलं, बुचावर तारेची जाळी, हे सगळं त्यासाठी, शोभेसाठी नाही.

काम झालं की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बाटलीतच पडून राहतं, आणि खरी मजा इथे सुरू होते, कारण ती मेलेली यीस्ट हळूहळू विरघळत वाईनला पावाचा, बिस्किटाचा, भाजलेल्या टोस्टचा वास देते आणि तोंडात एक मऊपणा आणते. दोन-चार महिन्यांत यातलं फार काही होत नाही, साधारण दीड वर्षाच्या पुढे ते ठळक व्हायला लागतं. म्हणून शॅम्पेनला नियमाने किमान १५ महिने बाटलीत ठेवावं लागतं, त्यातले १२ गाळावर, आणि सालाचं नाव लावलेल्या व्हिंटेज शॅम्पेनला ३ वर्षं. कावा या स्पेनच्या स्पार्कलिंगला कमीत कमी ९ महिने. मुदत भरली की बाटल्या थोड्या थोड्या फिरवत तोंड खाली करत आणतात, गाळ बुचापाशी जमतो, मानेचा भाग गोठवतात आणि बूच काढलं की तो गोठलेला गाळ आतल्या दाबाने आपोआप बाहेर उडतो. कमी झालेली जागा थोडी वाईन आणि थोडी साखर घालून भरतात, आणि ही शेवटची साखर किती घातली त्यावर लेबलवर ब्रूट येणार की डेमी सेक ते ठरतं.

दुसरी पद्धत टाकीची. तेच सगळं मोठ्या बंद स्टीलच्या टाकीत, दाबाखाली, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरकतात. इटलीची प्रोसेको, ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, बहुतेक अशीच बनते. तिच्यात पाव-टोस्ट शोधू नका, तिथे सफरचंद, पेअर, फुलांचा वास हवा, आणि ताजेपणा हवा. लोक टाकीवाल्या वाईनला खालच्या दर्जाची म्हणतात ते मला पटत नाही, वेगळ्या हेतूने बनवलेली आहे, तिला तिच्या हेतूने मापा. खालच्या दर्जाची म्हणायचीच असेल तर साध्या वाईनमध्ये सोड्यासारखा गॅस मारतात ती म्हणा, तिचे बुडबुडे मोठे, ग्लासात जोरात येतात आणि पाच मिनिटांत शांत.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने बाटलीतल्या आंबवणीची स्पार्कलिंग काढली होती आणि ती ओमर खय्याम नावाने परदेशात विकली जायची, हे आता कुणाला आठवत नाही. हल्ली नाशिकची सुला, दिंडोरीची शाँदों यांच्या ब्रूट बाटल्या सहज मिळतात, त्याही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या. लेबलवर मेथड ट्रॅडिशनेल किंवा ट्रॅडिशनल मेथड असं काहीतरी दिसलं की समजायचं. शॅम्पेन मात्र म्हणू नका, ते नाव फक्त फ्रान्समधल्या त्या एका भागाचं.

आता चाखण्याकडे. आणि कोकणात चाखणं म्हणजे आधी उकाड्याशी मारामारी.

ही वाईन ७-८ डिग्रीला उघडावी, चाखताना ग्लासात ८ ते १० असली तर उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात पडवीत ३३ डिग्री आणि हवेत दमटपणा इतका की बाटली बाहेर काढली की घाम फुटतो तिला. फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा, दारात नको, आत मागच्या बाजूला. लाईट गेली असेल किंवा पाहुणे अचानक टपकले असतील तर बादलीत निम्मं पाणी निम्मा बर्फ आणि दोन मुठी जाडं मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवायची, वीस मिनिटांत काम होतं. नुसता कोरडा बर्फ भरून काही उपयोग नाही, बाटलीला बर्फाचे चार खडे टेकणार आणि बाकी हवा, पाणी पाहिजेच. मासळीचा बर्फ मिळतो आपल्याकडे मुबलक, पण तो बाटलीच्या बाहेरच ठेवा, ग्लासात टाकू नका. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बाटली फुटू शकते, सहा वातावरणाचा दाब आहे आत.

गरम बाटली उघडली तर अर्धी जमिनीवर जाते, कारण द्रव जितका गार तितका गॅस त्यात टिकून राहतो. उघडताना तार सैल करायला कडी सहा अर्धे फेरे फिरवायची, आणि त्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको, ट्यूबलाईटकडे नको, बूच एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच बाहेर यायला लागलं की त्याला उलटं दाबून धरायचं, हळूच फुस्स करून सुटलं पाहिजे. आवाज झाला नाही म्हणून भाचरं नाराज होतात, होऊ द्या, वाईन ग्लासात राहिली.

ग्लास कुठला? उंच नळीसारखी फ्लूट फोटोत छान, बुडबुड्यांची माळ छान दिसते तिच्यात, पण वास घ्यायला ती फार अरुंद आणि नाक आत घातलं की गॅसच चावतो. पसरट उथळ ग्लासातून गॅस आणि वास दोन्ही भराभर उडून जातात. पोट जरा फुगीर आणि तोंड आत वळलेला, साधा व्हाईट वाईनचा ग्लास सगळ्यात बरा. तारकर्लीला वाळूत बसून प्लॅस्टिकच्या कपातून प्यायची असेल तर प्या, मजा आहे त्यातही, पण मग गुण द्यायला बसू नका, प्लॅस्टिकला मोठे मोठे बुडबुडे चिकटून बसतात आणि वाईन उगाच बदनाम होते.

बुडबुड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "बारीक बुडबुडे, एकसारखी माळ, म्हणजे भारी माल" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, अर्धवट खरं आहे. फ्रान्समधल्या रेंस विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर नावाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शॅम्पेनच्या बुडबुड्यांवरच काम करतायत, आणि त्यांनी दाखवलंय की बुडबुडा वाईनमधून आपला आपण उगवत नाही, त्याला पकडायला काहीतरी लागतं, आणि ते बहुतेक वेळा ग्लासाला चिकटलेला सुताचा किंवा धुळीतला सूक्ष्म तंतू असतो, ज्याच्या पोकळीत जराशी हवा अडकलेली असते. म्हणजे तुम्ही ग्लास पंचाने पुसला असेल तर तंतू जास्त, बुडबुडे जास्त. ग्लास अगदी निर्मळ गुळगुळीत असेल तर तीच भारी शॅम्पेन जवळजवळ निपचित पडून राहील. आणि भांडी घासायच्या साबणाचा पातळ थर राहिला असेल तर फेस मरतो तो वेगळाच. विश्वास नसेल तर एकाच बाटलीतली वाईन दोन वेगवेगळ्या ग्लासात ओता, दोन वेगळ्या वाईन वाटतील. जुन्या वाईनचे बुडबुडे लहान असतात हे खरं, पण त्याचं एक कारण असं की बुचातून वर्षानुवर्षं थोडा थोडा गॅस निसटलेला असतो. तेव्हा डोळ्यांनी फार तर रंग बघा, फिका पिवळा म्हणजे तरुण, सोनेरीकडे झुकलेला म्हणजे बरेच दिवस गाळावर किंवा बाटलीत राहिलेली, तपकिरी झाक दिसली तर संशय घ्या. बुडबुडे तोंडात मोजायचे.

ओतताना ग्लास तिरका धरून कडेने हळू ओता, बियर ओततो तसं. रेंसवाल्यांनी हेही मोजलंय की असं ओतल्यावर वाईनमध्ये गॅस जास्त टिकतो. आणि एकावेळी थोडीच, पाऊण पेग घेतो तेवढी, कोकणातल्या हवेत भरलेला ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो.

वास घेण्याआधी एक खास आपल्याकडचं काम. रिकामा ग्लास हुंगा. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे कोंदट वास धरतो, चादरींना, पुस्तकांना, ग्लासांनाही, आणि तो वास बरोब्बर खराब बुचाच्या वासासारखा असतो. खराब बूच म्हणजे टीसीए नावाचं एक रसायन, बुचातून वाईनमध्ये उतरतं, ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी धरलेल्या तळघराचा वास येतो आणि फळाचा वास गायब होतो. आता ग्लासच कोंदट असेल तर चांगल्या वाईनला तुम्ही उगाच नापास करणार. गरम पाण्याने ग्लास विसळा, निथळू द्या, परत हुंगा, मग ओता. आणि स्वयंपाकघरात बांगडे तळत असतील, देवघरात अगरबत्ती असेल, अंगाला ओडोमॉस चोपडलं असेल तर अंगणाच्या टोकाला जाऊन बसा.

पहिला वास ग्लास न हलवता घ्यायचा. गोल गोल फिरवायची सवय साध्या वाईनसाठी ठीक आहे, इथे त्याने गॅस उडून जातो, फार तर एकदा हलकंच. नाक लगेच आत खुपसू नका, गॅसने नाकात झिणझिण्या येतात आणि पुढची दोन मिनिटं काही कळत नाही. काय शोधायचं? आधी फळ. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पेअर, पपनस, कधी कच्च्या आंब्याच्या डेखाचा वास, आपल्या शेनिन ब्लां द्राक्षाच्या वाईनमध्ये कधी पेरूही सापडतो, आणि हे शब्द पुस्तकात नसले तरी वापरा बिनधास्त, ज्याने आयुष्यात गूजबेरी पाहिली नाही त्याने गूजबेरीचा वास आला म्हणण्यात काय अर्थ आहे. मग यीस्टचा वास. बेकरीतला ताजा पाव, खारी, टोस्ट, भाजलेले काजू. बाटलीत आंबवलेल्या वाईनमध्ये हा वास असलाच पाहिजे असं नाही, कमी महिने ठेवली असेल तर फळच पुढे असतं, पण लेबलवर लांबलचक महिने लिहिलेत, किंमतही तशी लावलीय आणि नाकाला नुसतं लिंबू येतंय, तर मग पैसे कशाचे घेतले हा प्रश्न पडायला हवा.

आता तोंड. इथे घाई नको.

पहिला घोट गुण द्यायला नसतोच, तो फक्त तोंड तयार करायला. दुसरा घोट जरा मोठा घ्या आणि लगेच गिळू नका, तोंडात फिरवा. पहिली गोष्ट फेस. चांगल्या वाईनमध्ये तो बारीक असतो, तोंडभर पसरतो, मऊ लागतो आणि वाईन गिळेपर्यंत टिकतो. वाईटमध्ये तो जिभेवर टोचतो, तोंड फुगतं आणि तीन सेकंदांत सगळं थंड. आता हे टोचणं म्हणजे नुसते बुडबुडे फुटणं असतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं ऍसिड बनवतं आणि त्याची चव जिभेला कळते. उंच डोंगरावर जाणारे गिर्यारोहक ऍसिटाझोलामाइडची गोळी घेतात, ती हेच एन्झाइम बंद पाडते, आणि मग वर पोचल्यावर सेलिब्रेशनची बियर किंवा शॅम्पेन बेचव लागते, बुडबुडे डोळ्यासमोर दिसत असूनसुद्धा. म्हणजे गॅस हा स्वतःच आंबटपणात भर घालतो, आणि तुमच्या ग्लासातला आंबटपणा थोडा द्राक्षाचा, थोडा बुडबुड्यांचा.

म्हणून तो वेगळा करायला लागतो. गिळल्यावर तोंड बंद ठेवा, मान किंचित खाली करा आणि वाट बघा. गालांच्या आतून, जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते ऍसिड. किती सुटतं आणि किती वेळ सुटत राहतं ते बघा. आणि कसा आहे तो आंबटपणा? लिंबूसत्त्व घातलेलं सरबत आणि आमसुलाचं सार, दोन्ही आंबट, पण लिंबूसत्त्व एकदम सुईसारखं लागतं आणि संपतं, मागे काही ठेवत नाही, आमसुलाचा आंबटपणा तोंडात पसरतो, त्याला अंग असतं, आणि पुढचा घास मागतो. ब्रूटमध्ये तुम्हाला तो दुसरा शोधायचाय. पहिल्या प्रकारची निघाली तर द्राक्ष फारच कच्चं तोडलं असेल किंवा ऍसिड वरून घालून वेळ मारून नेली असेल. आणि पाणीच सुटलं नाही, वाईन जिभेवर नुसती आडवी पडून राहिली, तर तो त्याहून मोठा दोष, आपल्या उष्ण प्रदेशातल्या स्पार्कलिंगमध्ये मला आंबट जास्त झाल्यापेक्षा हा बसकेपणाच जास्त वेळा सापडतो.

साखर ऍसिड कमी करत नाही, झाकते. चांगल्या ब्रूटमध्ये ते ८-१० ग्रॅम गोड म्हणून कळत नाहीत, फक्त कडा जरा गोलसर झाल्यासारख्या वाटतात. गोडवा वेगळा, शेवटी जिभेच्या टोकाला चिकटलेला कळला, तर समजा काहीतरी लपवायला साखर वापरलीय. आणि ब्रूट नेचरमध्ये लपवायला काहीच नसतं, म्हणून ती एकतर फार सुंदर निघते नाहीतर पिववत नाही. नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेवट. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मनात मोजा, पाच सेकंदांत साफ झाली तर साधी, दहा-पंधरा सेकंद फळ आणि पाव रेंगाळत राहिले तर चांगली. रेंगाळतंय ते काय, तेही बघा, नुसता आंबट किंवा कडवटपणा राहत असेल तर लांबीला काही किंमत नाही. किंचित कडवटपणा, पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखा, चालतो, काहींना आवडतोही.

आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा. ग्लासात दोन घोट मुद्दाम ठेवून द्या, अर्धा तास विसरून जा. गॅस गेलेला, गारवा गेलेला, म्हणजे सगळं पांघरूण गेलं. आता चाखा. गारव्यात साखर, दोष सगळं दबलेलं असतं, कोमट झाल्यावर उघडं पडतं. चांगली वाईन तेव्हाही वाईन लागते, आंबट, स्वच्छ, फळाची. वाईट असेल तर तोंड वाकडं होतं. फार कमी बाटल्या यात पास होतात, पण ज्या होतात त्या लक्षात ठेवण्यासारख्या.

दोषांचं थोडक्यात. कोंदट ओल्या पुठ्ठ्याचं वर आलंच. चिरून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा वास तरुण वाईनला आला तर हवा लागलीय. उकडलेल्या कोबीचा वास आला तर उजेड लागलाय, पारदर्शक काचेच्या बाटल्यांना हा त्रास जास्त, म्हणून दुकानाच्या काचेत उन्हात किंवा ट्यूबखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊ नका, मागून खोक्यातली काढून द्या म्हणावं. विझवलेल्या काडीचा हलका वास असेल तर घाबरू नका, पाच-दहा मिनिटांत उडतो बऱ्याचदा. उष्णता मात्र आपला खरा शत्रू. माळ्यावर, पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत मुंबई-गोवा हायवेने बारा तास, असं झालं की वाईन शिजते, फळ जातं आणि मुरंब्यासारखी जड होते. आपल्या घरात तळघर नाही, तेव्हा साठवायच्या फंदात पडू नका, आणा आणि महिन्याभरात प्या, तोवर फ्रिजमध्ये राहू दे.

चखण्याचं. गुण देताना चखणा बाजूला, नुसतं पाणी आणि फार तर साधा पाव. ते झालं की मग मात्र कोकणासारखी जागा नाही. खारवलेले काजू, रव्यातले कुरकुरीत बोंबील, तिसऱ्या कमी तिखटात खोबरं-कोथिंबीर घालून, कालवं नुसती मिठा-लिंबाची, सगळ्याला ब्रूट झकास जाते, तळणीचं तेल आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा ऍसिडने धुऊन निघतो आणि मीठ वाईनचा आंबटपणा मऊ करतं. पण झणझणीत मालवणी मसाल्याचं कालवण घेऊन बसलात तर त्रास होणार, कारण मिरचीचं तिखट आणि गॅसचं टोचणं एकाच मज्जातंतूवर जातं आणि दोन्ही मिळून तोंडाची आग होते. तिथे ती मघाची फसवी एक्स्ट्रा ड्राय किंवा डेमी सेक कामाला येते, थोडी साखर तिखटाला आवर घालते. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याबरोबर तर कुठलीच वाईन उघडू नये, तिरफळाने जीभ बधिर होते आणि मग पाणी काय नि शॅम्पेन काय. सोलकढी जेवणाच्या शेवटाला, वाईनच्या आधी नको, लसूण-मिरचीची चव तासभर जात नाही.

किमतीवरून ठरवायचं असेल तर एकदा असं करून बघा. दोन बाटल्या घ्या, एक नाशिकची ब्रूट, एक परदेशी कावा किंवा प्रोसेको, जवळपासच्या किमतीची, आणि सीझन असेल तर चार जणांत मिळून एखादी शॅम्पेनही, पेपरात गुंडाळा, मान-बुचासकट, त्यावर अ, ब, क लिहा, ज्याने गुंडाळल्या त्याने ओतायचं आणि गप्प बसायचं. सगळ्यांनी न बोलता कागदावर चारच गोष्टी लिहायच्या, आंबट कसा, फेस कसा, वासात काय, किती वेळ टिकली. काकांनी मोठ्याने मत सांगितलं की बाकीचे मान डोलावतात, म्हणून न बोलता. थुंकायला एक मोठा मग ठेवा, यात लाजण्यासारखं काही नाही, चाखणारे लोक थुंकतातच, आणि १२ टक्क्यांची वाईन तीन ग्लास झाल्यावर तिसरीला सगळ्यांत जास्त गुण पडतात हे ठरलेलं आहे. गाडी चालवणाऱ्याने तर थुंकूनही नंतर घाटात जाऊ नये, तिथेच राहावं.

उरली तर? चांदीचा चमचा बाटलीच्या तोंडात उलटा लटकवून ठेवला की गॅस टिकतो असं सांगणारे अजून भेटतात, त्याने काही होत नाही, लोकांनी प्रयोग करून बघितलंय. टिकतो तो फ्रिजच्या गारव्यामुळे, चमचा असो नसो. जुनं बूच फुगलेलं असतं, परत आत जात नाही, आणि साध्या वाईनचं बूच कोंबलंत तर रात्री कधीतरी उडून फ्रिजमधल्या सोलकढीत पडेल. दोन्ही बाजूंनी मानेला पकडणारे पंखवाले स्टॉपर मिळतात, दोनतीनशे रुपयांना ऑनलाइन, तो एक घेऊन ठेवा, बाटली उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत संपवा.